वनमंत्र्यांना खुले पत्र: पारसिकच्या कड्याला पोटखराबा समजू नका

माननीय वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी ठाण्याजवळ कळव्याला राहते, शाळेत जीवशास्त्र शिकवते. पारसिकचा डोंगर आमच्या घरातून दिसतो. दर मे महिन्यात मी त्याच्या कड्याखाली एक फेरी मारते आणि पाऊस सुरू झाला की मुलांना घेऊन पुन्हा जाते. मे महिन्यात खडकाच्या भेगेत बोटभर उंचीचे तपकिरी, चुरगळलेले झुबके दिसतात. हात लावला की कुरकुरतात, मेलेले वाटतात. चार सरी पडल्या की तेच झुबके उलगडतात आणि ताडाच्या पानाचे इवलेसे हिरवे पंखे उभे राहतात. ही मयूरशिखा, नेच्याची एक जात. मुलं तो पंखा बघून गप्प होतात, आणि सातवीचा वर्ग गप्प होणं ही साधी गोष्ट नाही.

गेल्या वर्षी आमच्या पाहण्यातली अशी एक जागा गेली. पावसाळ्याआधी यंत्र लावून कातळ खरवडून ‘साफ’ केला, पायथ्याशी खड्डे खणून रांगेने गिरिपुष्प लावलं, वृक्षारोपणाचा फलक लावला. हेतू वाईट नव्हता, हे मी मानते. पण तिथे आधीच काही उगवत होतं, हे कुणी वाकून पाहिलंच नाही.

सातबाऱ्याच्या भाषेत असा खडक म्हणजे पोटखराबा, लागवडीला निरुपयोगी जमीन. माझं सगळं म्हणणं या एका शब्दाविरुद्ध आहे.

ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी कडा कोरडाच. उभ्या बेसॉल्टवरून पाणी वाहून जातं, माती टिकत नाही आणि पुढचे आठ महिने ऊन कातळ तापवतं. पाणी राहतं ते दोन लाव्हाथरांच्या सांध्यात आणि भेगांत. तिथेच पायर या झाडाचं मूळ शिरतं, तिथेच ओल्या सावलीत पावसाळ्यात रान बेगोनिया फुलतो. येऊरच्या बाजूला खडकाळ उतारावर कांडोळ बघा: कागदासारखी सुटणारी पांढरी साल, भर उन्हाळ्यात अंगावर एक पान नाही. पानं टाकून देणं, खोडात पाणी साठवणं किंवा मयूरशिखेसारखं पूर्ण वाळून पुन्हा जिवंत होणं, कड्यावर जगायच्या या तऱ्हा आहेत. सपाटीवरच्या रोपवाटिकेतलं झाड तिथे नेऊन लावलं तर त्याला यातलं काही जमत नाही.

भूमध्य समुद्राकाठच्या उष्ण, कोरड्या देशांत असे कडे चुनखडीचे असतात. पावसाच्या पाण्यात चुनखडी हळूहळू विरघळते, भेगा रुंदावतात आणि त्या भेगांतच वाढणाऱ्या वनस्पतींचा वेगळा संसार तयार होतो. केपरचं झुडूप तर जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीच्या दगडांतूनही बाहेर येतं. युरोपीय संघाने 1992 च्या अधिवास निर्देशात ‘चुनखडीच्या खडकाळ उतारांवरील भेगांतल्या वनस्पती’ हा स्वतंत्र अधिवास म्हणून नोंदवला. त्याला क्रमांक दिला, 8210. म्हणजे उघडा कातळही कागदावर सजीव जागा म्हणून मांडता येतो. आपल्या या डोंगरांत चुनखडी नाही, पण जुन्या किल्ल्यांच्या भिंतींत चुना आहे आणि त्या सांध्यांतही हीच मयूरशिखा रुजते.

आणि हे काम आपल्या खात्याला परकं नाही. जुन्नर भागातल्या कड्यांवरची शिंदळ माकुडी ही वनस्पती जगापुढे आणली ती एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक डॅल्झेल यांनी. महाराष्ट्राबाहेर ती कुठेच नाही. शिवनेरीच्या कातळावर ती उन्हाळ्यात पानं गाळून नुसत्या मांसल खोडावर तग धरते. एका वनाधिकाऱ्याने कड्याकडे नीट पाहिलं, म्हणून आज ती आपल्याला माहीत आहे.

मुंब्र्यासारख्या ठिकाणी कड्याखाली वस्ती आहे, रस्ता आहे. तिथे दरड कोसळू नये म्हणून जे लागेल ते करायलाच हवं, त्यात वाद नाही. पण लोखंडी जाळी लावली तर तिच्या आडून झाडं उगवू शकतात. सिमेंटचा फवारा मारला की भेगाच बुजतात, पाण्याला वाट उरत नाही, त्यासाठी मुद्दाम भोकं ठेवावी लागतात. जाळीने भागत असेल तिथे सिमेंट नको. नवी मुंबईच्या बाजूच्या बंद खाणींचे उघडे कातळही ‘हिरवे’ करायची घाई नको. तिथे बी आपसूक येतं, त्याला काही वर्षं द्यावी लागतात.

म्हणून माझी विनंती अशी. पारसिकच्या कड्यावर यंत्र नेण्याआधी जून ते ऑक्टोबर असा एक पूर्ण हंगाम वनस्पतींची पाहणी व्हावी. एका दुपारच्या फेरीने चालणार नाही, कारण काही जाती जूनमध्ये दिसतात आणि काही सप्टेंबरात. ती यादी लोकांसमोर ठेवावी. वृक्षारोपणाच्या उद्दिष्टातून उभा कातळ वगळावा, म्हणजे खालच्या कर्मचाऱ्यांवर आकडा भरण्यासाठी तिथे खड्डे खणायची वेळ येणार नाही.

पाहणीला माणसं येणार असतील तर मयूरशिखेच्या उरलेल्या तीन जागा मी दाखवीन. रविवारी सकाळी सातला कळवा स्टेशनच्या पूर्वेला भेटू. ऊन चढायच्या आत परत येता येतं.

आपली नम्र,
कळव्याची एक शिक्षिका