मिस्त्रीकाका, तुम्ही जागचे हलला नाहीत

मिस्त्रीकाका,

स. न. वि. वि.

गाडी दारात येऊन तीन आठवडे झाले. त्या दिवशी घसा दाटून आला होता, तुम्हाला धड काही बोलताच आलं नाही. म्हणून हे पत्र.

आईला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा तासगावहून मिरजेला न्यावं लागतं. भाड्याच्या गाडीत पैसा चालला होता, म्हणून जुनी वॅगन आर बघायला लागले. पहिल्या एजंटने पाच हजार विसार घेतला. गाडीच्या आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) बँकेचं कर्ज निघालं, तेव्हापासून तो फोन उचलत नाही. एका शोरूममध्ये नव्या गाडीच्या कोटेशनवर ‘हँडलिंग चार्जेस’ लावलेले. कसले म्हणून विचारलं, तर म्हणाले, “मॅडम, घरातलं कुणीतरी मोठं माणूस घेऊन या.” मी ४१ वर्षांची आहे काका. घर मीच चालवते.

मग तुम्ही सोबत आलात. दुसऱ्या एका एजंटकडची गाडी, मीटरवर ३१ हजार किलोमीटर. तुम्ही गुडघे टेकून चारही टायरवरचे आकडे वाचलेत, मलाही वाचायला लावलेत : ३५२१. म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. गाडी २०१८ची. “एवढी कमी पळालेली गाडी, तीन वर्षांत चारही टायर कशाला बदलील?” तुम्ही हळूच म्हणालात.

मीटर मागे फिरवलाय हे तुम्ही ओळखलंत, ते एजंटला कळलं. त्याने तुमच्या खांद्यावर हात टाकला आणि “या जरा बाजूला” म्हणाला. माझ्या पोटात धस्स झालं. माझे आजोबा खरसुंडीच्या बाजाराला जायचे. तिथे रुमालाखाली बोटं धरून बैलाचा भाव कसा ठरतो, ते सांगायचे. मला वाटलं, आता माझाही भाव तसाच ठरणार.

तुम्ही जागचे हलला नाहीत. त्याचा हात खांद्यावरून काढलात, उलट एक पाऊल मागे सरलात आणि म्हणालात, “गाडी ताई घेणार आहेत. जे असेल ते त्यांच्याशी बोला.”

त्या एका पावलाने समोर मी उरले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे बघून आकडा बोललं. ती गाडी घ्यायची नाही, हेही मीच सांगितलं.

पुढच्या रविवारी निवृत्त गुरुजींची गाडी पाहिली. ३ लाख ७५ हजारांवरून ते ३ लाख ५० हजारांवर आले. मी आणखी खाली मागणार, तोच तुम्ही मला थांबवलंत. “सर्व्हिसिंगचं एकेक बिल जपलंय ताई त्यांनी. योग्य भाव आहे. आता ताणू नका.” विकणाऱ्याचाही विचार करणारा माणूस माझ्या बाजूने उभा होता, याचं मला फार अप्रूप वाटतं. अशी माणसं आहेत म्हणून बाजारात पाऊल टाकायचा धीर होतो.

ठरलेले पाचशे तुम्ही घेतलेत, वरचे दोनशे परत केलेत.

येत्या रविवारी ऑइल बदलायला गाडी घेऊन येते. आईही येणार आहे. तिला तुम्हाला बघायचंय.

तुमची,
तासगावची ताई