कौल डावा आला तरी

ती. आई व बाबा यांस साष्टांग नमस्कार.

मी इथलं कॅन्ससचं विद्यापीठ सोडून ओहायोला चाललेय म्हटलं की फोनवर आई रडते आणि सांगायचं ते राहून जातं, म्हणून लिहिते. मी बरी आहे. जेवते, झोपते, वजनही वाढलंय.

घरमालकीण मला बाटवेल ही भीती काढून टाका. बाई जेवणाआधी प्रार्थना म्हणते, मी तेवढा वेळ गप्प बसते. माझ्या खोलीतल्या देवीच्या फोटोवरची धूळही तीच पुसते.

तिच्या नातवाची गोष्ट सांगते, म्हणजे माझं विद्यापीठ बदलणं कळेल. पोरगा बास्केटबॉल खेळतो, दारातून वाकून येतो. शाळेत होता तेव्हाच कॉलेजांचे कोच घरी येऊन बसायचे. एकानं फी, राहणं, जेवण सगळं देऊ केलं. त्याच्या आईनं चर्चमध्ये सांगितलं, देवानंच हे कॉलेज दाखवलं. आता एप्रिलमध्ये पोरानं ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव घातलं. ही कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची २०१८ पासूनची यादी. नाव घातलं की बाकीची कॉलेजं त्याच्याशी बोलायला मोकळी. पूर्वी कॉलेज बदललं की बहुतेकांना एक हंगाम बाहेर बसावं लागे. २०२१ साली एकदा सूट मिळाली, २०२४ पासून अभ्यासात पास असलात तर कितीदाही बदला. त्यात २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींतून कमावता येतं, २०२५ पासून कॉलेजंसुद्धा थेट पैसे देतात. म्हणून दर वसंतात ही धावपळ. पोराची आई आता म्हणते, देवानं नवं दार उघडलं. आजी भांडी घासता घासता म्हणाली, "देव दर एप्रिलला मत बदलतो का?" मला हसू आवरेना.

बाबा, हा खेळ १८९१ साली काढणारा नेस्मिथ स्वतः धर्मशास्त्र शिकलेला. पुढे इथल्याच विद्यापीठात आला, प्रार्थनामंदिराचं कामही बघायचा. इथेच लॉरेन्सला त्याची समाधी आहे.

कोच गेला की मुलंही मागून जातात. २०२४ मध्ये मार्क पोप नावाचा कोच ख्रिस्ती मॉर्मन पंथाचं ब्रिगम यंग विद्यापीठ सोडून केंटकी विद्यापीठात गेला, तेव्हा धर्मप्रचाराला परदेशी असलेला त्याचा एक खेळाडूही तिकडेच वळला. माझंही तेच आहे. माझे संशोधनाचे सर ओहायोला चालले, संशोधनाचा निधी त्यांच्याबरोबर चालला. मी इथे राहून काय करू? कोणी मला काढलेलं नाही, हे काकूंनाही सांगा.

देवीनं डावा कौल दिला, कळलं. पण गुरवाला तुम्ही विचारलंत काय? "पोरगी लांब जाते, जाऊ दे काय?" असं विचारल्यावर आईच्या तोंडाकडे बघून देवी दुसरं काय देणार? परत लावायचाच तर नीट गाऱ्हाणं घाला, नारळाचे पैसे मी पाठवते.

पैशांवरून आठवलं. पगार दोन महिने उशिरा सुरू होईल, तेवढे बँकेचे हप्ते दादाला भरायला सांगा. त्याच्या लग्नाला मला येता येणार नाही. व्हिसाची कागदं अर्धवट आहेत, बाहेर पडले तर परत येणं अवघड. दादाला मी अजून सांगितलेलं नाही, आई, तूच सांग. वहिनीच्या पाटल्यांचे मात्र मीच देणार, हप्त्यांत ते धरू नका. कुडाळच्या स्थळाला होही म्हणू नका, नाहीही म्हणू नका. मुलगा अमेरिकेत यायला तयार आहे का, एवढं विचारून ठेवा.

तुमची,
माई