न्यायालयाच्या दारातले परवान्याचे शस्त्र

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जिल्हा न्यायालयाच्या दारात मेटल डिटेक्टर वाजतो, झडतीत कमरेला पिस्तूल सापडते आणि पुढे काय करायचे हे कुणालाच धड ठाऊक नसते. बंदोबस्तावरचा शिपाई म्हणतो, ‘काढून दाखवा.’ परवानाधारक तिथेच, गर्दीत, होल्स्टरमधून (पिस्तुलाच्या म्यानातून) शस्त्र बाहेर काढतो. मागे तारखेला आलेले म्हातारे, कडेवर पोर घेतलेल्या बाया रांगेत उभ्या असतात. अनवधानाने गोळी सुटायची तर ती नेमकी अशाच वेळी सुटते. म्हणून हे पत्र.

गोंधळाचे मूळ परवान्याच्या मजकुरात आहे. नमुना 3 च्या परवान्यावरील अटींमध्ये जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शैक्षणिक संस्थेचे आवार येथे विशेष परवानगीशिवाय शस्त्र नेऊ नये, असे छापलेले असते. त्यात न्यायालयाचा उल्लेख नाही. त्यामुळे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते, की कोर्टात चालते. चालत नाही. न्यायालयाच्या आवारातली बंदी उच्च न्यायालयाच्या आणि प्रधान जिल्हा न्यायाधीशांच्या सुरक्षाविषयक आदेशांतून येते. ती फाटकावरच्या फलकावर असते, परवान्याच्या पुस्तिकेत नसते. वकिलाचा काळा कोट अंगावर असला तरी सूट मिळत नाही. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37(1) खालचा, शस्त्र बाळगण्यास मनाई करणारा आदेश आपल्याकडे वरचेवर लागू असतो. घरातून निघण्यापूर्वी तो चालू आहे का, हे पोलीस ठाण्यात फोन करून विचारावे.

सप्टेंबर 2021 मध्ये दिल्लीच्या रोहिणी न्यायालयात वकिलाच्या वेशात आलेल्या मारेकऱ्यांनी भर कोर्टात एका आरोपीला गोळ्या घातल्या. एप्रिल 2023 मध्ये साकेत न्यायालयाच्या आवारात गोळीबार झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व न्यायालयांसाठी सुरक्षा आराखडे, कायमस्वरूपी सुरक्षा पथके आणि सीसीटीव्हीचे निर्देश दिले. परवानाधारक शेतकरी किंवा सराफ हा काही गुंड नाही, हे खरेच. पण दारावरच्या शिपायाने ते कपाळावर वाचायचे कसे?

सरळ उपाय एकच: तारखेच्या दिवशी शस्त्र घरी, कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात. पण काहींना खरोखर जिवाचा धोका असतो. काहींना त्याच दिवशी नूतनीकरणाच्या तपासणीसाठी शस्त्र दाखवायचे असते, आणि जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी कचेरी, कोर्ट आणि तहसील हाकेच्या अंतरावर असतात. अशांनी आधी न्यायालयाजवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे शस्त्र जमा करून पावती घ्यावी आणि मगच फाटकाकडे वळावे. ते घेतील का, किती वाजेपर्यंत परत देतील, हे आदल्या दिवशी विचारून ठेवावे. ऐन अकराला पुकारा होत असताना ठाणे अंमलदाराशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

सर्वांत वाईट मार्ग गाडीचा. आवारातली पार्किंग हेही न्यायालयाचेच आवार. आणि बाहेर रस्त्यावर गाडी लावली, तरी डॅशबोर्डच्या कप्प्यात पिस्तूल ठेवून आत जाणे म्हणजे चोराला आमंत्रण. शस्त्र नियम 2016 च्या नियम 32 प्रमाणे सार्वजनिक जागी शस्त्र होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि धारकाच्या परिणामकारक ताब्यात हवे. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर साक्ष देताय आणि शस्त्र खाली गाडीत आहे, याला ताबा म्हणत नाहीत. चोरी झाली तर जवळच्या पोलीस ठाण्यात विनाविलंब कळवणे ही परवान्याचीच अट आहे. तिथे पहिला प्रश्न येईल तो ‘ठेवले कुठे होते?’ हाच. अटीच्या भंगासाठी शस्त्र अधिनियमाच्या कलम 30 मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत, आणि परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो तो वेगळाच.

ड्रायव्हरकडे किंवा वकिलाच्या कारकुनाकडे ‘जरा धर’ म्हणून देणेही तितकेच चूक. लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याने शस्त्र नेण्याची सवलत कायद्यात आहे, पण ती दुरुस्ती, नूतनीकरण किंवा धारकाच्याच वापरापुरती. फेब्रुवारी 2024 मध्ये दहिसरला एका माजी नगरसेवकाची हत्या झाली. त्यात वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचे होते, असे पोलीस तपासात पुढे आले. एकाचा परवाना आणि दुसऱ्याचा हात, यातून काय होते ते तिथे दिसले.

आता जमा करण्याआधी शस्त्र रिकामे करण्याविषयी, कारण चुका इथेच होतात. पिस्तूल असेल तर आधी मॅगझीन (गोळ्यांचा कप्पा) बाहेर, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे. क्रम उलटला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझीन काढले, तर चेंबरमधली (नळीच्या मागच्या टोकाच्या घरातली) गोळी बाहेर पडते खरी, पण स्लाइड पुढे येताना मॅगझीनमधली दुसरी आत चढते. माणसाला वाटते रिकामे झाले. म्हणून स्लाइड मागे अडकवून चेंबर डोळ्यांनी पाहावे आणि करंगळीचे टोक घालून चाचपावे. कानपूरच्या कारखान्यातले .32 रिव्हॉल्वर बिजागरीवर दुमडून वरून उघडते. उघडताच काडतुसे वर येतात. जितकी भरली होती तितकी मोजावीत, एक कमी आले तर ते शोधावे. दुनळी बारा बोअरची बंदूक तशीच दुमडून उघडल्यावर दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसला पाहिजे. हे सारे करताना बोट ट्रिगर गार्डच्या (चापाभोवतीच्या कडीच्या) बाहेर, नळीचे तोंड वाळूच्या पेटीकडे, म्हणजे चुकून सुटलेली गोळी वाळूत जिरेल, आणि गोळी व शस्त्र ताबडतोब वेगळ्या पिशव्यांत.

जुन्या बनावटीच्या कित्येक रिव्हॉल्वरमध्ये हॅमरचे (मागच्या घोड्याचे) टोक थेट काडतुसाच्या कॅपवर, म्हणजे ठोका बसताच पेटणाऱ्या टोपीवर, टेकलेले असते. शस्त्र पडले आणि हॅमरला दणका बसला, की गोळी सुटते. अशा शस्त्रात हॅमरखालचे काडतुसाचे घर रिकामे ठेवण्याची जुनी रीत आहे आणि ती पाळावी. 1 ऑक्टोबर 2024 ला पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायात स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी घुसली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटले, असे तेव्हा सांगण्यात आले. घरात हे होते, तर फाटकावरच्या रेटारेटीत काय होईल?

तेव्हा चुकून शस्त्र घेऊन दारापर्यंत गेलातच, तर कमरेला हात लावू नका. दोन्ही हात दिसतील असे ठेवून तोंडाने सांगा, ‘माझ्याकडे परवान्याचे शस्त्र आहे’, परवाना दाखवा, रांगेतून बाजूला व्हा आणि शिपायासोबत चौकीत जा. शिपायानेही अनोळखी बनावटीचे शस्त्र स्वतः उघडायच्या भानगडीत पडू नये.

एक प्रसंग मात्र असा आहे, की न्यायालयातूनच शस्त्र घेऊन बाहेर पडावे लागते: मुद्देमालातले शस्त्र सुपुर्दनाम्यावर (ताब्यात घेतल्याच्या हमीपत्रावर) परत मिळते तेव्हा. त्या दिवशी रिकामी केस न्यावी, एकही काडतूस सोबत नसावे, आदेशाची प्रमाणित प्रत वरच्या खिशात असावी आणि फाटकावरच्या पोलिसाला आत जातानाच कल्पना द्यावी.

प्रशासनाकडे मागणी एवढीच. प्रत्येक जिल्हा व तालुका न्यायालयाच्या फाटकाबाहेर शस्त्र जमा कक्ष करावा. त्यासाठी वाळूने भरलेली पेटी, भिंतीत पक्के बसवलेले पोलादी लॉकर, एक प्रशिक्षित अंमलदार आणि दोन प्रतींचे पावती पुस्तक पुरते. निवडणूक आली की हीच पोलीस ठाणी गावोगावच्या बंदुका पावतीवर जमा करून घेतात आणि निकालानंतर परत देतात. कोकणातल्या शेतसंरक्षणाच्या बंदुकांपर्यंत हे होते. तीच पद्धत एका दिवसापुरती आणता येईल. पावतीवर शस्त्राचा प्रकार, बोअर, बनावट, क्रमांक, परवान्याचा यूआयएन (विशिष्ट ओळख क्रमांक), काडतुसांची संख्या, जमा केल्याची वेळ आणि दोघांच्या सह्या हव्यात. काडतुसे घेताना आणि देताना दोन्ही वेळा धारकासमोर मोजावीत, आणि परत घेतलेले शस्त्र फाटकाच्या तोंडाशी भरू नये, असा फलक त्या कक्षाच्या दारावर मराठीत, ठळक अक्षरांत लावावा.

– एक शस्त्र परवानाधारक वाचक, सांगली