सात नाटकं आणि एक राखीव

नाशिक,
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय बंड्या,

काल फोनवर "नाटकं तू ठरवून ठेव, मी नुसता येऊन बसतो" एवढं बोलून तू मोकळा झालास. तुझं हे नुसतं येऊन बसणं मला शाळेपासून माहीत आहे. आधी येऊन बसायचं आणि मग खुर्ची टोचते म्हणायचं. म्हणून या वेळी काय ठरवलं आणि का ठरवलं ते सगळं लेखी देतोय. मध्यंतरात कुरकुर नको.

तू दिवाळीनंतर येणार आणि संक्रांतीचा तिळगूळ खाऊन बंगळुरूला परत जाणार, म्हणजे हातात जेमतेम दोन-अडीच महिने. सकाळपासून कालनिर्णय खाली उतरवून बसलोय. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पानांवर आधीच हिने लग्नं लिहून ठेवलीत. तुळशीचं लग्न लागलं की नाशकातल्या सगळ्या मंगल कार्यालयांत आपले नातेवाईक एकाच वेळी उभे राहतात, हे तू विसरला असशील. जानेवारीचं पान अजून घरात आलेलं नाही, नवं कालनिर्णय दिवाळीला आणायचं असा हिचा नेम. तो महिना मी पाठकोऱ्या कागदावर हाताने आखलाय. रविवारला लाल पेन मिळालं नाही म्हणून हिरवा.

तर मुद्दा असा. नाटक निवडायची आपली पद्धत आतापर्यंत चुकली. जाहिरातीत कोणाचा फोटो मोठा आहे ते बघायचं, मालिकेत कोण दिसतो ते आठवायचं आणि तिकीट काढायचं. मागच्या थंडीत मी असाच एका फोटोवर भाळून चार तिकिटं काढली. दाराशी गेलो तर छोट्या कागदावर लिहिलेलं: अमुक यांच्या ऐवजी आज तमुक भूमिका करतील. हिने तिथेच माझ्याकडे असं पाहिलं, की मीच त्या नटाला कसाऱ्याच्या घाटात अडवून ठेवलंय. गंमत म्हणजे तो बदली आलेला पोरगा झकास होता. पण पूर्ण पहिला अंक मी "तो असता तर" असं म्हणत वाया घालवला.

म्हणून या वेळी मी एकच प्रश्न धरलाय. हे नाटक आत्ता नाही पाहिलं तर परत मिळणार आहे का?

मुंबईहून येणारं, नाव झालेलं नाटक परत मिळतं. आज कालिदास नाट्यगृहात नाही जमलं तर दोन महिन्यांनी लागतं, नाहीतर तू पुण्याला बहिणीकडे गेलास की तिथे मिळतं. हौशी नाटकाचं तसं नसतं. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत एखादा संघ तीन-तीन महिने तालमी करतो, आणि प्रयोग होतो एक. निवड झाली तर अंतिम फेरीला आणखी एक. नाही झाली तर नेपथ्याच्या फळ्या टेम्पोत आणि टेम्पो गावाला. म्हणजे जे नाटक जगात एकदाच होणार ते आपण "बघू पुढच्या वर्षी" म्हणून सोडतो आणि जे पाचशेदा होणार त्यासाठी धावतो. हे उलटं नाही का?

पाचशे म्हटलं की मला माझं पाप आठवतं. प्राजक्त देशमुखचं 'संगीत देवबाभळी'. आपल्या नाशिकच्या पोराने लिहिलेलं आणि बसवलेलं. तुकोबांची आवली आणि रखुमाई, दोनच बायका रंगमंचावर. आवलीच्या पायातल्या काट्याची कथा. आधी एकांकिका होती तेव्हा सगळे सांगत होते बघ, बघ. व्यावसायिक झालं तेव्हाही सांगत होते. मी काय म्हणायचो? "घरचंच आहे, कधीही बघू." त्या लेखनाला २०२० मध्ये साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला, तेव्हाही मी पेपरातला फोटो कापून ठेवला आणि घरीच बसलो. नोव्हेंबर २०२३ मध्ये पाचशेव्या प्रयोगावर त्यांनी पडदा पाडला. तू तिकडे परमुलखात राहून ते पाहिलंस आणि मी गंगापूर रोडवर राहून नाही पाहिलं. त्यावरून तू मला जे बोललास ते अजून बाकी आहे, व्याजासकट.

म्हणून चार संध्याकाळी स्पर्धेला, हे पहिलं आणि पक्कं. वेळापत्रक आयत्या वेळी येतं. आलं की सावानाच्या, म्हणजे सार्वजनिक वाचनालयाच्या, आवारातल्या साईखेडकर नाट्यगृहात मी स्वतः जाऊन कागद बघून येईन. नावांवरून काहीच कळत नाही, स्पर्धेतल्या नाटकांची नावं अशी असतात की आत काय आहे याचा पत्ता लेखकालाही नसावा. मी वेगळी खूण धरलीय. संघ बाहेरगावचा असेल तर जायचं. मालेगाव, सिन्नर, कुठलं तरी तालुक्याचं गाव. ती माणसं इतक्या लांबून सामान घेऊन येतात तर काहीतरी सांगायचं असतं म्हणूनच येतात. दुसरी खूण कामगारांची. सातपूर-अंबडकडची, शिफ्ट सुटल्यावर रात्री तालमी करणारी मंडळी. त्यांच्या बोलण्यात एक खरखर असते, ती नाट्यशास्त्राच्या पदवीने येत नाही. चारातली दोन रटाळ निघतील हे मी आत्ताच कबूल करतो. एकात तरी कोणीतरी पांढरे कपडे घालून "मी काळ आहे" म्हणेलच. पण तिकीट वडा-चहाच्या भावात असतं, आणि चौथं जर लागलं ना बंड्या, तर ते पाहिलेली दोनशे माणसं सोडून कोणाला पटणार नाही.

तुला आपलं स्पर्धेतलं ते नाटक आठवतं का? १९८४. तोच साईखेडकरचा मंच. तिन्ही परीक्षक अंधारात, त्यांच्या टेबलावर तो खाली वाकलेला लहान दिवा, आणि त्या उजेडात फक्त लिहिणारे हात. तुझा फोनचा प्रवेश. घंटा वाजायच्या आधीच तू रिसीव्हर उचललास, पूर्ण बोललास, ठेवलास, आणि मग घंटा वाजली. विंगेत मी टेपरेकॉर्डरवर, बटण दाबलेला अंगठा तसाच, हातपाय गार. तू वळून फोनकडे बघितलंस आणि म्हणालास, "परत करतोय. त्याला पटलेलं दिसत नाही." लोक हसले. मधल्या परीक्षकाचा हात लिहिता लिहिता थांबला. आपल्याला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही, पण ते वाक्य पुन्हा कुठल्याही प्रयोगात नव्हतं, कारण पुन्हा प्रयोगच नव्हता. मी जे म्हणतोय ते हेच.

आता व्यावसायिक. तीन घेतलीत. नावं मुद्दाम लिहीत नाही. लिहिली तर तू रात्रभर मोबाईलवर परीक्षणं वाचशील आणि मला शेवट सांगशील.

एक विनोदी, कारण हिचा आणि वहिनींचा फोनवर आधीच समझोता झालाय. "एकतरी हसायचं असू दे, तुमच्या काळाकुट्ट अंधारात आम्हाला झोप येते," इति ही. मान्य केलं. फक्त ज्या जाहिरातीत 'धम्माल' हा शब्द दोनदा आहे ती बाद केली.

दुसरं दोन पात्रांचं. यामागे थोडा हिशोब आहे. इथला ठेकेदार प्रयोग विकत घेतो, म्हणजे नटांची नाईट (एका प्रयोगाचं मानधन), बसचं भाडं, थिएटरचं भाडं, जाहिरात सगळं त्या एका खेळाच्या तिकिटांतून निघायला हवं. दहा नटांचं आणि फिरत्या रंगमंचाचं नाटक घाट चढून येतं तेव्हा बऱ्याचदा अर्धं नेपथ्य मुंबईत ठेवून येतं. जो जिना तिकडे लोकांनी टाळ्यांनी घेतला, तो इकडे नुसता पडद्यावर रंगवलेला दिसतो. शिवाय दहा जणांच्या तारखा जुळायच्या म्हणजे दहा मालिकांची शूटिंग्ज एकाच दिवशी बंद हवीत. दोन पात्रं, एक खोली, एक खिडकी असं नाटक मात्र जसंच्या तसं येतं. म्हणून नाशिकला बसून बघायचं तर छोटं नाटक बघावं आणि भव्यदिव्य बघायचं तर एक दिवस काढून मुंबईलाच जावं, या मताला मी आलोय. तुझ्या गुडघ्यासह मुंबई नको, तेव्हा भव्यदिव्य या वर्षी रद्द.

तिसरं संगीत नाटक. यावर तू नाक मुरडणार. तुझ्या वडिलांनी आपल्याला लहानपणी रात्र-रात्र बसवलं त्याचा राग तू किर्लोस्करांवर काढतोस. अरे, १८८० साली शाकुंतल रंगभूमीवर आलं तेव्हा लोकांना पहाटेपर्यंत बसायची हौस होती, आता अडीच तासांत घरी सोडतात. पदं कापलेली असतात, आणि ते मला आवडत नाही, पण तुझ्या पथ्यावरच पडतं. मी हे घेतलंय ते तुझ्या कानासाठी. नव्या नाटकांत माणसं कुजबुजतात, पाठ फिरवून बोलतात, वरून पावसाचा आवाज सोडलेला असतो. मशीन लावून तुला त्यातलं निम्मं कळणार नाही आणि तू कळल्यासारखी मान हलवशील. मागच्या वेळी मी बघितलंय तुला. संगीत नाटकातला नट समोर येतो, लोकांकडे तोंड करतो आणि शब्द नीट सोडतो. ऑर्गन-तबला खाली डोळ्यांसमोर. एकदा ते ऐक, मग नाक मुरड.

हे झाले सात. आठवं राखीव. दत्ता पाटील आणि सचिन शिंदे या आपल्याकडच्या जोडीचं काहीही लागलं, अगदी एका दिवसावर कळलं, तरी बाकीचं सोडून जायचं. 'हंडाभर चांदण्या' पाहून आलो तेव्हा मी तुला लिहिलं होतं. टँकरची वाट बघत बसलेलं गाव, बाकी काही घडत नाही, आणि आपल्याला उठवत नाही. धरण उशाला असलेल्या शहरात बसून ते बघताना मला घरी येऊन नळ सोडायची लाज वाटली होती. राखीवसाठी तारीख नाही, म्हणून लग्नं बुडवायची तयारी ठेव. हिच्या मावसभावाच्या मुलाचं लग्न डिसेंबरात आहे, ते बुडालं तर मला चालेल. हे हिला वाचून दाखवू नकोस.

कुसुमाग्रज स्मारकात अधूनमधून अभिवाचनं असतात, ती मी यादीत धरलेली नाहीत. संध्याकाळी फिरायला म्हणून जाऊ, असलं काही तर बसू.

एक वाद मात्र मिटत नाहीये. 'नटसम्राट' जर या दिवसांत लागलं तर? शिरवाडकर नाशिकचे, १९७० चं नाटक, लागूंचा पहिला बेलवलकर, हे सगळं मला तुझ्याइतकंच माहीत आहे. जावं असं वाटतं आणि जाऊ नये असंही. तिशीत पाहिलं तेव्हा आपण मुलाच्या बाजूचे नव्हतो आणि बापाच्याही नव्हतो, नुसते भाषेवर खूश होतो. आता तू मुलाकडे राहतोस. मला वाटतं हे तूच ठरव. तू हो म्हणालास तर मी येईन, नाही म्हणालास तर कारण विचारणार नाही.

बाकी व्यवस्था. तिकिटं हल्ली मोबाईलवर निघतात, तरी व्यावसायिक तिन्हीची मी कालिदासच्या खिडकीवर जाऊन काढणार आहे. पूर्वी तो कागदी प्लॅन असायचा, खिडकीतला माणूस पेन्सिलीने फुली मारायचा आणि आपण वाकून "ती खांबाजवळची नको" म्हणायचो. आता स्क्रीनवर चौकोन करडे होतात. पण विचारता अजून येतं, की साहेब स्पीकर कुठल्या बाजूला लावतात. तुझा उजवा कान बरा आहे ना? मग आपण डावीकडच्या खुर्च्या घेऊ, चौथी-पाचवी रांग, कडेची तुला, म्हणजे गुडघा लांब करता येईल. मशीनचे सेल दोन जोड जास्त आण. मागे मध्यंतरात ते संपले होते आणि दुसऱ्या अंकात तू मला "काय म्हणाला? काय म्हणाला?" करून आख्ख्या रांगेचे शिव्याशाप घेतले होते. मफलर आणि स्वेटर हवाच. रात्रीचा खेळ सुटल्यावर शालिमारला जी थंडी वाजते ती बंगळुरूवाल्याला झेपणार नाही. खोकल्याच्या गोळ्या आणशील तर कागद काढून डबीत घालून आण. शांत प्रवेशात तो चुरचुर आवाज करणाऱ्यांना मी मनात फार वाईट बोलतो, तुला बोलावं लागू नये.

वहिनींना विचारून तुळशीच्या लग्नानंतरचा कुठला रविवार मोकळा आहे ते लगेच कळव, विनोदी आधी उरकून टाकू. कडेची खुर्ची तुझी म्हटली म्हणजे मी तुझ्या उजव्या हाताला येणार, अगदी बऱ्या कानाशी. पहिल्या अंकात गप्प बसायचा प्रयत्न करीन.

तुझा,
मन्या

ता. क. 'उत्तेजनार्थ'सुद्धा मिळालं नाही असं वर लिहिलंय. ही म्हणते नेपथ्याला मिळालं होतं. फळ्या तिच्या भावाच्या होत्या, त्यामुळे तिला आठवणारच.