कवितेच्या पानावरील रेषेलाही परीक्षणात जागा हवी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कवितासंग्रहांची परीक्षणे नियमाने येतात आणि मी ती कात्रणे काढून ठेवण्याइतक्या आस्थेने वाचत आले आहे. सचित्र संग्रहांच्या परीक्षणांत मात्र एक उणीव मला सतत जाणवते. कवितांविषयी चार-पाच परिच्छेद लिहिले जातात आणि चित्रांच्या वाट्याला ‘रेखाटनेही समर्पक आहेत’ एवढे एकच वाक्य येते. पुष्कळदा चित्रकाराचे नावही त्यात नसते. भावना आणि स्वत्व हाच ज्यांचा विषय आहे, अशा आजच्या संग्रहांच्या बाबतीत ही उणीव फार मोठी आहे, असे मला वाटते.

शाळेत चित्रकला शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे कुठलेही पुस्तक हाती आले की माझी नजर आधी पानाच्या मांडणीवर जाते. भाचीने आणून दिलेला रूपी कौर यांचा ‘मिल्क अँड हनी’ हा इंग्रजी संग्रहही मी असाच उघडला. पंजाबात जन्मलेल्या आणि लहानपणीच कॅनडात गेलेल्या या कवयित्रीने २०१४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो स्वतःच प्रकाशित केला; पुढच्या वर्षी एका अमेरिकन प्रकाशनसंस्थेने तो घेतला आणि काही वर्षांतच त्याच्या २५ लाखांहून अधिक प्रती खपल्या. दुखावले जाणे, प्रेम करणे, तुटणे आणि बरे होणे असे त्याचे चार भाग आहेत. त्यातील रेखाचित्रेही कौर यांनी स्वतःच काढली आहेत.

ही चित्रे बारीक काळ्या रेषेची आहेत. त्यांत रंग नाही, छायाभेद नाही आणि कित्येक आकृत्या अर्ध्यावरच सोडून दिलेल्या आहेत. एका पानावर फाकलेल्या दोन पायांच्या रेषा आहेत आणि स्त्रीच्या देहाकडे विसाव्याची जागा म्हणून पाहणाऱ्या नजरेविषयीची कविता त्या पायांच्या मधोमध छापलेली आहे. तेथे शब्द वाचण्यासाठी वाचकाला आपली नजर त्या देहाजवळ न्यावीच लागते. कविता जे सांगते तेच पाहण्याच्या कृतीतून त्याच्याकडून घडते आणि म्हणून तो अस्वस्थ होतो. हीच कविता चित्राविना एका स्तंभात छापली, तर एक ठाम विधान तेवढे उरेल. अनेक कवितांची शीर्षकेही वर नसून तळाशी, तिरप्या अक्षरांत येतात. शेवटी शीर्षक कळले की वाचक पुन्हा पहिल्या ओळीकडे वळतो आणि त्या परतीच्या वाटेवर त्याला चित्र दुसऱ्यांदा, वेगळ्या अर्थाने दिसते.

या संग्रहावर सोपेपणाची टीका पुष्कळ झाली आणि तिच्यात तथ्य आहे. काही पानांवर एखादे साधे वाक्य तोडून चार ओळींत लिहिले आहे, याखेरीज काव्य म्हणावे असे मलाही काही सापडले नाही. परंतु ही टीका करताना केवळ शब्द बाजूला काढून तोलणे मला न्याय्य वाटत नाही. जेथे रेषा आणि शब्द यांनी मिळून एक उच्चार केला आहे, तेथे दोन्हींचा एकत्र विचार करूनच तो उच्चार कमकुवत की समर्थ हे ठरवावे लागेल.

लिपीचा मुद्दा मराठी वाचकांना अधिक जवळचा वाटेल. पंजाबी ज्या गुरुमुखी लिपीत लिहितात, तिच्यात लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नाही आणि वाक्य संपवायला दंड, म्हणजे एक उभी रेघ, पुरतो. त्या लिपीचा मान राखण्यासाठी कौर यांनी आपल्या इंग्रजी कविता सर्वस्वी लहान अक्षरांत लिहिल्या आणि विरामचिन्हांपैकी केवळ पूर्णविराम ठेवला. इंग्रजीत ‘मी’ या अर्थाचे एकाक्षरी सर्वनाम नेहमी मोठ्या लिपीत लिहितात. येथे ते लहान होऊन इतर अक्षरांच्या रांगेत बसते. स्वत्वाविषयीच्या पुस्तकात ही गोष्ट किरकोळ नाही. देवनागरीतला ‘मी’ मात्र मुळातच त्या रांगेत आहे. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून आपल्याला इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे दिली, पण मोठी अक्षरे आपल्याकडे आली नाहीत. अशी कविता मराठीत येते तेव्हा तो परिणाम अक्षरांतून साधणे शक्य नसते आणि तो भार रेखाचित्राला व पानावरच्या कोऱ्या जागेला उचलावा लागतो. त्यामुळे मराठीत या प्रकारचे संग्रह काढणाऱ्यांनी चित्रकाराला हस्तलिखित पूर्ण झाल्यावर शेवटच्या आठवड्यात बोलावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

चित्र आणि कविता यांचे नाते आपल्याला नवे नाही. कवी अरुण कोलटकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक म्हणून नावाजले गेले. वसंत आबाजी डहाके यांच्या २००९ च्या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त संग्रहाचे नावच ‘चित्रलिपी’ आहे. दिवाळी अंकांनी तर कवितेशेजारी रेखाटन पाहण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या लावली. इतकी तयार नजर असलेल्या वाचकाला परीक्षणातून चित्रांविषयी काहीच मिळू नये, याचे मला वाईट वाटते.

आमच्या गावातील एका ग्रंथालयात अशाच एका सचित्र संग्रहाची पक्की बांधणी करताना पानांच्या कडा कातरल्या गेल्या आणि समासापर्यंत नेलेल्या आकृतीचा पुढे केलेला हात मनगटापासून नाहीसा झाला. खाली कवितेच्या ओळी शाबूत होत्या, म्हणून प्रत खराब झाली असे कोणालाच वाटले नाही. मी ते पान दाखवले तेव्हा ‘मजकूर तर सगळा आहे’ असे उत्तर मिळाले.

आपल्या पुरवणीने एवढे करावे: सचित्र संग्रहाच्या परीक्षणात पुस्तकाच्या तपशिलांत कवीच्या नावाखाली चित्रकाराचे नाव द्यावे, आणि नमुन्यादाखल कविता छापताना, प्रकाशकाची परवानगी घेऊन, तिचे मूळ पान चित्रासह जसेच्या तसे छापावे. त्यासाठी स्तंभातील काही ओळी कमी कराव्या लागल्या, तरी त्या परीक्षणातून कमी कराव्यात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, मिरज