भरतीचे घड्याळ बरोबर चालू लागले, त्याबद्दल

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

गेल्या उधाणाच्या दिवशी दाभोळच्या जेट्टीवर आपण माझ्या लॅपटॉपसमोर अडीच तास बसलात. त्या दिवशी घाईत आभार मानायचे राहून गेले, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

वाशिष्ठीच्या मुखाशी वाळू साचते, त्यामुळे होडी काढायची तर पाणी भरलेले लागते. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून पुढच्या भरतीला किती अवधी उरला आहे हे तांडेलांना, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखांना, मोबाइलवर दिसावे, एवढ्यासाठी मी एक वेबपान तयार केले होते. सेटइंटरव्हलला, म्हणजे ठरावीक अंतराने तेच काम पुन्हा पुन्हा करवणाऱ्या जावास्क्रिप्टच्या आज्ञेला, 1000 मिलिसेकंदांचे अंतर द्यायचे आणि दर फेरीला उरलेल्या सेकंदांतून एक वजा करायचा, असा त्यातला हिशेब होता. माझ्या टेबलावर तो बिनचूक चाले. पण एका तांडेलांनी फोन पुढे धरला, तेव्हा पान भरतीला 40 मिनिटे उरल्याचे सांगत होते आणि जेट्टीच्या पायरीवर सुकतीची (ओहोटीची) ओली रेघ उमटलेली होती. ती रेघ पाहून माझ्या पोटात गोळा आला, कारण त्या आकड्यावर विसंबून कोणाची होडी वाळूत रुतली असती.

कोड उघडण्याआधी आपण एकच प्रश्न विचारलात, "फोन खिशात असतो तेव्हा सेकंद कोण मोजतं?" मग आपण समजावलेत की सेटइंटरव्हल ठरल्या वेळेची हमी देत नाही, पान आड गेले की ब्राउझर टायमरची गती सेकंदाला एका फेरीवर आणतात, क्रोम तर 2021 मधल्या 88 व्या आवृत्तीपासून पाच मिनिटांहून अधिक काळ आड राहिलेल्या पानाचे टायमर मिनिटाला एकदाच चालू देतो, आणि फोनने पान गोठवले तर एकही फेरी होत नाही. चुकलेल्या फेऱ्या नंतर भरूनही निघत नाहीत. म्हणून फेऱ्या मोजायच्याच नाहीत. भरतीची वेळ जपून ठेवायची आणि प्रत्येक फेरीला घड्याळाकडून आताची वेळ घेऊन वजाबाकी करायची. मधल्या हजार फेऱ्या बुडाल्या तरी पुढची फेरी खरा आकडा दाखवते. पान पुन्हा समोर येताच ही वजाबाकी तत्काळ व्हावी, याचीही तजवीज आपण करवून घेतलीत.

बंदर बदलण्याच्या बटणातला दोष मला दिसलाच नव्हता. दर वेळी नवा सेटइंटरव्हल सुरू होई आणि जुना तसाच चालू राही, त्यामुळे आकडा दोन-दोनने, मग तीन-तीनने उतरे. जुन्याचा क्रमांक ठेवून आधी क्लिअरइंटरव्हलने तो बंद करायचा, ही एका ओळीची दुरुस्ती होती. वाऱ्याची माहिती आणताना मात्र, आमच्याकडची रेंज लक्षात घेऊन, आपण एकदाच चालणारा सेटटाइमआउट दर उत्तरानंतर नव्याने लावायला सुचवलेत, म्हणजे आधीचे उत्तर आल्यावरच पुढची विचारणा लागते आणि विचारण्यांचा ढीग साचत नाही.

यातली एकही ओळ आपण स्वतः टाइप केली नाहीत, प्रत्येक ओळ माझ्याकडून लिहून घेतलीत, याबद्दल मी विशेष ऋणी आहे. पुढच्या उधाणाला याल तेव्हा ते तांडेल आपल्याला खाडीतून फिरवून आणणार आहेत. निघायची वेळ त्यांनी याच पानावर पाहून कळवायला सांगितली आहे.

आपला नम्र,
दाभोळचा एक विद्यार्थी