कृषी सहायक ताईंना अनावृत पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

भात पोटरीत असताना सासूबाईंच्या मानेवर लाल पट्टा उठला. दुसऱ्या दिवशी त्यावर पाणी धरलेले फोड आले आणि मानेची नुसती आग आग. वाडीत ज्याने त्याने एकच सांगितलं, नागीण. तिचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस वाचत नाही, हे कुणीतरी त्यांच्या देखतच बोललं. त्यांचं जेवणच तुटलं.

तुम्ही आला होतात भातावरचे तुडतुडे बघायला. मान बघून पहिला प्रश्न विचारलात, "रात्री पडवीत दिवा कसला असतो?" पांढरी ट्यूब, आणि सासूबाई, आमच्या घरातल्या आजी, तिच्याच खाली झोपतात. मग भिंतीवरचा एक किडा काचेच्या बाटलीत धरून त्यांच्या हातात दिलात. जेमतेम सात-आठ मिलिमीटरचा. नारिंगी अंग, डोकं आणि शेपटाचं टोक काळं, पाठीवर निळसर चकाकणारे आखूड पंख, चालताना शेपूट वर. शास्त्रीय नाव पेडेरस फुसिपेस. इंग्लंडपासून जपानपर्यंत आढळणारा हा किडा चावत नाही की डंख मारत नाही. अंगावर चिरडला गेला तरच त्याच्या रक्तातलं पेडेरिन नावाचं विष कातडीला लागतं. फोड यायला दिवस उलटतो, त्यामुळे किड्यावर कुणाचा संशयच जात नाही. तुम्ही आजींना लगेच डॉक्टरांकडे न्यायला लावलंत. त्यांनीही तेच सांगितलं आणि मलम दिलं. त्या रात्री आजी पोटभर जेवल्या.

घरच्यांनी तोवर किडे मारायला पंप भरून ठेवला होता. तुम्ही आम्हाला खाचरात नेलंत, भाताचा एक चूड, म्हणजे रोपांचा झुबका, हाताने फाकवून पाण्यालगतचा बुंधा दाखवलात. तिथे तोच नारिंगी किडा तुडतुड्याचं पिल्लू धरून खात होता! ज्या तपकिरी तुडतुड्याने उभं भात करपतं, त्यालाच. पंप तसाच रिकामा केला. आता पडवीत पिवळा दिवा आहे, झोपताना मच्छरदाणी लावतो, अंगावर किडा बसला तर चिरडत नाही, फुंकून उडवतो आणि जागा साबणाने धुतो.

ताई, भीती घालणारे पुष्कळ होते, वाकून बुंधा दाखवणाऱ्या तुम्ही एकट्या. पुढच्या पावसाआधी वरच्या वाडीतही एकदा या. तिथे अजून नागीण उतरवायला माणूस बोलावतात. बैठकीला बायका जमवायचं माझ्याकडे लागलं.

तुमची,
एक भातशेतकरीण